मला कामाला लावणाऱ्या मैत्रिणी

"काही लागलं तर सांग, अगदी हक्काने."

लग्न मोडल्याची बातमी एकदा बाहेर गेली आणि हे वाक्य मला इतक्या जणांकडून ऐकायला मिळालं की पुढे पुढे समोरच्याने "काही" म्हणताच मी मान डोलवायला लागायचे. म्हणणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती, हे आधीच सांगते. पण त्या वाक्याची गंमत अशी की बोलणारा मोकळा होतो आणि ऐकणाऱ्याच्या मागे काम लागतं. मला नेमकं काय लागतंय ते आधी मी ठरवायचं. मग ते ह्या माणसाला सांगण्याजोगं आहे का ते बघायचं. मग भीड बाजूला ठेवून फोन करायचा, आणि पलीकडून "अगं, नेमकं आजच..." असं आलं की "छे छे, काही घाई नाही" म्हणत त्यालाच धीर द्यायचा. एवढी ताकद अंगात असती तर मला काही लागलंच नसतं.

घटस्फोटाबद्दल मी इथे फार लिहिणार नाही. दोघांमधली गोष्ट एकीनेच सांगितली की तिला वकिली वास येतो, आणि वकिली भाषा मी गरजेपेक्षा जास्त वाचली आहे. मारझोड नव्हती, तिसरं कुणी नव्हतं. एकमेकांना न विचारता जगायची सवय लागत गेली आणि शेवटी ती सवय कागदावर आली. एवढं पुरे. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या काळाबद्दल. मी स्वतःच्या नजरेतून उतरले होते आणि काही मैत्रिणींनी मला तिथून वर काढलं. त्यांनी ते कसं केलं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

नजरेतून उतरणं म्हणजे काय, ते एका अर्जावरून सांगते. डोळ्याची एक किरकोळ शस्त्रक्रिया होती. नाव, वय, रक्तगट, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, असं भरत भरत मी "आपत्कालीन संपर्क" ह्या रकान्यापाशी आले. पेन थांबलंच नाही. त्याच्या नावाचं पहिलं अक्षर लिहून झालं, दुसऱ्याचा काना ओढला आणि मग माझ्या लक्षात आलं. मी ते खोडलं आणि रकाना तसाच ठेवून अर्ज परत दिला. खिडकीपलीकडच्या बाईंनी तो वाचून पुन्हा माझ्याकडे सरकवला. "मॅडम, हे रिकामं नाही चालत. कुणाचं तरी लिहा." मी शाळेपासूनच्या मैत्रिणीचं नाव आणि नंबर लिहिला. पुढे "नाते" असा छोटा चौकोन होता, त्यात "मैत्रीण" लिहिलं. बाईंनी वर बघितलं. "मैत्रीण ठीक आहे हो, पण जवळचं कुणी?"

त्यांच्या आवाजात कुत्सितपणा अजिबात नव्हता. दिवसभर तोच अर्ज तपासणाऱ्या माणसाचा तो रोजचा प्रश्न होता. मी म्हटलं, "तेच राहू दे." त्यांनी शिक्का मारला.

न्यायालयाचा आदेश हातात पडला तेव्हा मी रडले नव्हते. त्या चौकोनाने मात्र मला घरी येईपर्यंत छळलं. कारण नुसतं प्रेम किंवा सहवास गेला नव्हता, त्याबरोबर एक उत्तरही गेलं होतं. मी कुणाची कोण, हा प्रश्न इतकी वर्षं पडलाच नव्हता, कारण त्याचं उत्तर सगळ्या कागदांवर आधीच छापलेलं असायचं. ते खोडल्यावर माझ्या लक्षात आलं की माझी बरीचशी किंमत मी त्याच उत्तरात ठेवून दिली होती. हिशेबाच्या भाषेत बोलायचं तर सगळी ठेव एकाच खात्यात.

त्या दिवसांत मला एक चिंता सतत असायची. आपण उगाच बाऊ करतोय का? लोकांवर काय काय कोसळतं आणि आपण एका चौकोनावरून झोप उडवून घेतोय. त्या चिंतेतच मी एक जुनी यादी शोधून वाचली. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे ह्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ बदलांची यादी केली आणि त्यातून सावरायला माणसाला किती झीज सोसावी लागते त्यानुसार प्रत्येकापुढे आकडा लिहिला. जोडीदाराचा मृत्यू १००. घटस्फोट ७३. वेगळं राहू लागणं ६५. गंमत म्हणजे लग्न होणं हेही ५०, आणि एखादं मोठं यश मिळणं २८. म्हणजे बदल बरा की वाईट ही बाब वेगळी, बदलाचा म्हणून एक भार असतोच. मी पेन घेऊन बसले. घटस्फोट ७३, त्याआधीचं वेगळं राहणं ६५, पैशांची घडी विस्कटणं ३८, घर बदलणं २०, झोपेचं तंत्र बिघडणं १६. बेरीज २१२. घटस्फोट घेणाऱ्याला बाकीच्या ओळी फुकटात मिळतात, असं मनात आलं आणि बऱ्याच दिवसांनी मी एकटीच मोठ्याने हसले.

त्या यादीत जवळच्या मित्राच्या मृत्यूला ३७ आहेत. मित्र धडधाकट असून यायचा बंद झाला, तर मात्र त्याच्यासाठी ओळ नाही. तशी माणसं होतीच. आम्हा दोघांची म्हणून जी मित्रमंडळी होती, त्यातली बरीचशी अलगद बाजूला झाली. कुणी भांडलं नाही. बोलावणी थांबली, ग्रुप तसाच राहिला पण त्याच्याशेजारी एक नवा ग्रुप निघाला असावा. मला त्यांचा फारसा राग नाही. जोडीने ओळख झालेल्या माणसाला एकटं भेटताना बोलायचं काय, हे मलाही सुचलं नसतं.

उरल्या त्या जवळच्या. त्यांच्याबद्दल लिहिताना हात थोडा जड होतो, कारण ज्यांनी सगळ्यात जास्त वेळ दिला त्यांच्यामुळे मी सगळ्यात लवकर सावरले, असं घडलं नाही.

एकीने माझं कौतुक करायचा सपाटा लावला. "तू किती खंबीर आहेस. तुझ्या जागी मी असते तर मोडून पडले असते." ती हे मनापासून म्हणायची आणि मला दरवेळी आणखी खोल गेल्यासारखं वाटायचं, कारण मी मोडूनच पडले होते आणि आता ते तिच्यापासून लपवायचं कामही अंगावर आलं होतं. विल्यम जेम्सने १८९० साली मानसशास्त्रावरच्या आपल्या जाडजूड ग्रंथात स्वतःबद्दलच्या आदराचं एक गणित मांडलंय: मिळालेलं यश भागिले बाळगलेली अपेक्षा. वरचा आकडा वाढवा किंवा खालचा कमी करा, उत्तर वाढतं. माझे हितचिंतक नकळत हेच करत होते. अर्धे जण वरचा आकडा फुगवायचे: "तू केवढं काय काय केलंस ते आठव." उरलेले खालचा कमी करायचे: "आता कसलीच अपेक्षा ठेवू नकोस बघ." गणित चोख होतं. पण ते माझ्यासाठी दुसरंच कुणी सोडवत होतं आणि उत्तर माझ्या हातात देत होतं. उसन्या उत्तरावर माझा विश्वास बसेना.

दुसरीशी मी रोज रात्री बोलायचे. तो असं का वागला, मी तेव्हा तसं म्हटलं नसतं तर, सासूबाई त्या दिवशी नेमकं काय म्हणाल्या, त्यांच्या त्या वाक्याचा खरा अर्थ काय... आम्ही एकेक प्रसंग उलगडायचो, पुन्हा घडी घालायचो, दुसऱ्या रात्री पुन्हा उलगडायचो. फोन ठेवताना तिच्याइतकं जवळचं जगात कुणी नाही असं वाटायचं आणि उशीवर डोकं टेकलं की छाती धडधडायला लागायची. अमेरिकेतल्या ॲमांडा रोझ ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००२ साली शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास करताना हेच टिपलं: दोघांनी मिळून एकच दुःख सतत घोळवत बसणाऱ्यांची मैत्री जास्त घट्ट असते आणि त्यांच्यात उदासी, चिंताही जास्त दिसते. दोन्ही एकाच वेळी. शाळकरी मुलांचं राहू दे, आम्ही चाळिशी ओलांडलेल्या बायका होतो आणि आमचं तंतोतंत तसंच चाललं होतं. ती मैत्रीण आजही माझी आहे. फक्त आम्ही आता रात्री बोलत नाही.

मग ती वह्यांवाली आली.

ही माझी कॉलेजातली मैत्रीण. बोलायला फटकळ, गळ्यात पडणं वगैरे तिच्या स्वभावातच नाही. एका संध्याकाळी ती मोठी कापडी पिशवी घेऊन आली आणि पिशवी माझ्या पलंगावर उलटी केली. जुन्या, लांबट, पुठ्ठ्याच्या वह्या. तिचे वडील निवृत्त झाल्यापासून रोजच्या हवेची नोंद ठेवायचे, जाण्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत त्यांनी ती ठेवली. ती म्हणाली, "हे टाईप करून हवंय. मला बाबांचं अक्षर लागत नाही. तू मुद्रितशोधन करायचीस ना? तुला लागेल."

मी म्हटलं, माझं कशात लक्ष लागत नाहीये गं.

"मग हळू कर. पण घाण करू नकोस, बाबांचं आहे ते."

ती गेल्यावर मी त्या वाक्याशी बराच वेळ बसून होते. घाण करू नकोस. कित्येक महिन्यांत माझ्याकडून कुणी चांगल्या कामाची अपेक्षा केली नव्हती. मी उठले, आंघोळ केली, खिडकी उघडली तरी लोक "वा!" म्हणत होते. आजारी मुलाला म्हणतात तसं. आणि ही बाई मला बजावून गेली होती की काम नीट झालं नाही तर चालणार नाही.

काकांच्या अक्षराबद्दल सांगायलाच हवं. ते शिरोरेषा देत नसत. ज्यांनी हाताने लिहिलेला मजकूर लावला आहे त्यांना कळेल की शिरोरेषा नसली की "भ" आणि "म", "घ" आणि "ध" हे जुळे भाऊ होऊन समोर उभे राहतात. त्यात काकांचा "ख" इतका ऐसपैस की तो "रव" वाचावा. "आभाळ भरून आले" हे मी पहिल्या दिवशी "आभाळ मरून आले" असं वाचलं आणि माझ्या त्या वेळच्या मनःस्थितीला ते इतकं पटलं की तसंच टाईप करून पुढे गेले. चार ओळींनी पुन्हा तेच आल्यावर चूक कळली. हळूहळू त्यांचा हात ओळखीचा झाला. घाईत असले की मात्रा शब्दाच्या पुढे पळायची, निवांत असले की पूर्णविरामाचा ठिपकासुद्धा सुबक. नोंदी सगळ्या एका साच्यातल्या. "सकाळी गारवा. दुपारी वारा पडला. संध्याकाळी आभाळ भरून आले, पाऊस नाही. बाकी ठीक." प्रत्येक नोंदीच्या शेवटी "बाकी ठीक". एका पानावर होतं: "हिला दवाखान्यात ठेवले. रात्री पाऊस. बाकी ठीक."

मी मैत्रिणीला फोन करून विचारलं, हे ठेवायचं का? ती थोडी थांबली आणि म्हणाली, "ठेव. ते तसंच बोलायचे."

आणि मग आमचं भांडण झालं. काका "पाऊस" हा शब्द कधी दीर्घ तर कधी ऱ्हस्व लिहायचे. माझं म्हणणं, मजकुरात सगळीकडे एकसारखा प्रमाण शब्द ठेवू आणि सुरुवातीला तशी टीप देऊ. तिचं म्हणणं, एक अक्षर बदलायचं नाही. मी म्हटलं, मग मला कशाला दिलंस, स्कॅन करून ठेवायचं होतंस. ती म्हणाली, तुला सगळ्यांनी शुद्धच लिहायला हवं असतं, तुझा हा जुनाच आजार आहे. मी म्हटलं, आजार काय, त्यावरच मी पगार घेत होते. आवाज चढले. शेवटी तिचंच खरं झालं, वह्या तिच्या वडिलांच्या होत्या. पण त्या रात्री मला जाणवलं की भांडताना तिने मला क्षणभरही सांभाळून घेतलं नव्हतं. घटस्फोट झालेली, हळवी झालेली, जपून बोलायची अशी कुणी त्या खोलीत नव्हतीच. एक हट्टी मुद्रितशोधक होती आणि तिला तोडीस तोड उत्तर मिळत होतं.

मदत घ्यायला जड का जातं, ह्यावर नायल बोल्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००० सालचा एक अभ्यास आहे. वकिलीच्या परीक्षेची तयारी करणारा एक जण आणि त्याचा जोडीदार, अशा जोड्यांकडून त्यांनी रोजची डायरी लिहून घेतली. आज मदत केली का, आज मदत मिळाली का, मन कसं आहे. ज्या दिवशी मदत झाली पण घेणाऱ्याला ती मदत म्हणून जाणवलीच नाही, त्या वेळी तिचा उपयोग सर्वांत जास्त झाला. मदत मिळाल्याचं जाणवलं की उलट मन थोडं खालीच जायचं. २००३ साली ह्याच वाटेने पुढे गेलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात असं दिसलं की ज्या दिवशी माणूस मदत घेतो आणि देतोही, त्या दिवशी घेतल्याची बोच उरत नाही. वह्यांवालीने ह्यातलं काही वाचलेलं नाही, मी खात्रीने सांगते. तिला खरोखरच वह्या टाईप करून हव्या होत्या. मला वाटतं तिच्या मदतीतली खरी खुबी तीच होती. तिने मला गुंतवून ठेवायला म्हणून काम शोधलं असतं, तर मी ते पहिल्या पानावर ओळखलं असतं.

दुसरी एक सहकारी मैत्रीण होती. तिने तर सगळ्या रीतीभाती धाब्यावर बसवल्या. माझ्या अगदी वाईट आठवड्यात तिचा रात्री फोन आला. मला वाटलं, चौकशीचा. पण तिने हॅलोनंतर लगेच सुरुवात केली: ऑफिसात नवा साहेब आलाय, तो तिचं श्रेय लाटतो, आज तर भर मीटिंगमध्ये पाणउतारा केला, राजीनामा देऊ का? ती पाऊण तास बोलली. माझ्याबद्दल एक शब्द विचारला नाही. मी तिला ईमेल कसा लिहायचा ते सांगितलं, तिच्यासमोर मसुदा करून पाठवला, त्यात साहेबाला कुठे चिमटा काढायचा तेही सुचवलं. नंतर तिसऱ्याच एका मैत्रिणीला हे कळलं तेव्हा ती भडकली. "तुझं काय चाललंय आणि हिला स्वतःचं पडलंय!"

ह्या भडकण्याला आधारही आहे. सुझन सिल्क ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बॅरी गोल्डमनबरोबर २०१३ साली एका वर्तमानपत्रात एक सोपा नियम मांडला होता. ज्याच्यावर संकट आहे त्याला मधोमध ठेवून भोवती वर्तुळं काढा, जवळची माणसं आतल्या वर्तुळात, लांबची बाहेरच्या. मग दिलासा आतल्या दिशेने जायला हवा आणि रडगाणं बाहेरच्या दिशेने. मधल्या माणसाने कुणापाशीही रडावं, पण त्याच्यापाशी कुणी आपलं रडगाणं नेऊ नये. नियम शहाणा आहे. पहिल्या काही आठवड्यांत कुणीतरी माझ्या आईला तो सांगायला हवा होता, कारण ती मला फोन करून माझ्याच घटस्फोटाबद्दल रडायची आणि मी तिची समजूत काढायचे.

पण ह्या नियमात मुक्काम किती दिवस, ते सांगितलेलं नाही. मधोमध बसवलेलं माणूस मधोमधच राहिलं तर त्याची मूर्ती होते. सगळे हलक्या पावलांनी येतात, हलक्या आवाजात बोलतात, कुणी आपली अडचण सांगत नाही, कुणी हसत नाही. मला त्या वर्तुळाचा उबग आला होता आणि ते मला स्वतःला माहीत नव्हतं. सहकारी मैत्रिणीने ते न विचारता पुसून टाकलं. त्या पाऊण तासात मी सल्ला मागणारी नव्हते, देणारी होते. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला: "पाठवला. साहेब गप्प." मी दिवसभर तो मेसेज अधूनमधून उघडून बघत होते.

हे असं दुसऱ्याला हात दिल्याने आपले पाय स्थिर होणं, ह्याची मला ठाऊक असलेली सगळ्यात बोलकी हकीकत बिल विल्सन ह्या माणसाची आहे. मे १९३५. न्यूयॉर्कचा हा शेअरबाजारातला माणूस व्यवहारासाठी ॲक्रन नावाच्या शहरात आला होता. दारूच्या व्यसनातून बाहेर पडून त्याला जेमतेम काही महिने झाले होते. व्यवहार फिसकटला. हॉटेलच्या दिवाणखान्यात तो येरझाऱ्या घालत होता. एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. त्याने फोन उचलला आणि "माझ्यासारखाच एखादा दारूपायी हैराण झालेला माणूस मला गाठून द्याल का" अशी विचारणा सुरू केली. मला आज मदत करा, असं तो म्हणाला नाही. मदत करता येईल असं माणूस द्या, असं म्हणाला. त्यातून त्याला बॉब स्मिथ हा शल्यचिकित्सक भेटला. पंधरा मिनिटं बोलून निघायचं असं ठरवून आलेला हा डॉक्टर काही तास बसला. पुढे त्याने १० जून १९३५ ला दारू सोडली, आणि ह्या दोघांतून उभी राहिलेली, दारू सोडू पाहणाऱ्यांची अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना तोच आपला स्थापनादिन मानते. मला भावतं ते असं की त्याआधीच्या महिन्यांत विल्सनने ज्या ज्या दारुड्यांना समजावायचा प्रयत्न केला त्यातला एकही सुधारला नव्हता. सुधारलेला फक्त तो स्वतः राहिला होता. फ्रँक रीसमन ह्या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली ह्या गोष्टीला नाव देऊन तिच्यावर लेख लिहिला: मदत करणाऱ्याला मदतीतून होणारा फायदा.

इथे वाचणाऱ्या काही जणींच्या कपाळाला आठी पडली असेल. पडायलाच हवी, माझ्याही पडली होती. बाईने कामाला यावं, उपयोगी पडावं आणि त्यातच धन्यता मानावी, हे आपल्याला नवीन शिकवायला नको. संसारात मी दुसरं काय करत होते? औषधांच्या वेळा, पाहुण्यांची उठबस, विम्याचे हप्ते, त्याच्या सगळ्या नातेवाइकांचे वाढदिवस. सगळं माझ्या डोक्यात. मी अत्यंत उपयोगी होते. आणि तरी रकान्यातलं नाव खोडलं तेव्हा हाती काही लागलं नाही. मग वह्यांमध्ये आणि विम्याच्या हप्त्यांमध्ये फरक तो कोणता?

ह्यावर मी बराच विचार केला आणि फरक मला विचार करून सापडला नाही, एका फोनवर सापडला.

वह्यांचं काम संपल्यावर काही दिवसांनी त्याच मैत्रिणीचा फोन आला. तिच्या नणंदेच्या संस्थेचा वार्षिक अहवाल होता, दोन दिवसांत तपासून हवा होता. मी त्या आठवड्यात थकलेली होते, आणि खरं म्हणजे मला तो अहवाल वाचायचाच नव्हता. मी म्हटलं, "नाही जमणार."

बोलून गेले आणि वाट बघायला लागले. कशाची, ते पूर्वी एकत्र राहिलेल्यांना सांगायला नको. "नाही"च्या पाठोपाठ यायची ती शांतता. मग "का?" मग कारण पुरेसं नाही असा सूर. मग दोन दिवस दारं जरा जोरात लागणं. माझ्या जिभेवर सबबी तयार होत्या, तीनचार तरी.

पलीकडून आलं, "बरं. मग कुणाला विचारू? तुझ्या ओळखीत कुणी आहे का?" मी एक नाव सांगितलं. "नंबर पाठव," म्हणाली आणि फोन ठेवला. थोड्या वेळाने तिचा मेसेज आला, मी घाबरत उघडला. तिने एका दुकानाच्या पाटीचा फोटो पाठवला होता, त्यावर शुद्धलेखनाच्या इतक्या घोडचुका होत्या की खाली तिने लिहिलं होतं, "तुला रात्री झोप येऊ नये म्हणून."

त्या घरात मी कामाची होते कारण काम थांबलं की माझी जागा हलायची. इथे मी काम नाकारलं आणि काहीही हललं नाही. तिने माझ्याकडे काम मागितलं होतं ते मी ते उत्तम करते म्हणून. मी तिची मैत्रीण होते ते त्या कामाच्या आधीपासून आणि त्या कामाशिवायही. विम्याचे हप्ते कुणीही भरले असते तरी चाललं असतं. काकांचा "रव" हा "ख" आहे हे ओळखायला मात्र मीच हवी होते, आणि तरीही मला "नाही" म्हणायची मुभा होती. ह्या दोन गोष्टी एकत्र आयुष्यात मला पहिल्यांदाच मिळत होत्या. किंवा आधीही मिळत असतील, मला गरज पडली नव्हती म्हणून दिसल्या नसतील.

सगळ्यांनी सगळ्यांना कामाला लावावं, असा काही माझा आग्रह नाही. अगदी सुरुवातीला माणसाला नुसतं झोपू द्यावं लागतं. त्या काळात माझ्या शाळकरी मैत्रिणीने, तीच ती अर्जावरची, माझ्या खोलीच्या कोपऱ्यात बसून तिचं स्वतःचं ऑफिसचं काम केलं, माझ्याशी अवाक्षर न बोलता, आणि त्याचं मोल मी कमी लेखणार नाही. खरोखर तब्येतच ढासळली असेल तर मैत्रिणींच्या बरोबरीने डॉक्टर किंवा समुपदेशक लागतो, मलाही लागला. माझं म्हणणं एवढंच की झोप पुरी झाली की कुणीतरी हलवून उठवायलाही हवं, आणि ते काम हळुवार माणसांना सहसा जमत नाही. फटकळ लागतात.

मध्यंतरी ओळखीतल्या एका बाईंची नोकरी गेली. बरीच वर्षं त्यांनी एका ठिकाणी हिशेब सांभाळले होते, एका पत्राने सगळं थांबलं. त्यांना भेटायला गेले तर चार माणसं बसलेली, चेहरे सुतकी, आणि जो तो उठताना "काही लागलं तर सांगा हं" म्हणत होता. माझ्याही तोंडाशी तेच आलं होतं. मी ते गिळलं. घरी आल्यावर माझ्या खर्चाची आणि कराची फाईल त्यांना पाठवली आणि लिहिलं की मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही, शेवटची तारीख जवळ आली आहे, बघाल का? हे सगळं शब्दशः खरं होतं.

दोन दिवस उत्तर नाही. आगाऊपणा झाला असं वाटायला लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सातलाच फोन वाजला. "अहो, भाड्याच्या पावत्या कुठे आहेत? आणि हे इतर खर्च म्हणजे काय? इतर म्हणजे कोणते? असं कुणी लिहितं का? बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट काढा, आजच्या आज, आणि मला न विचारता ह्या फाईलला हात लावू नका."

मी बरं म्हटलं आणि पावत्या शोधायला लागले.